वाळू खडक कोरते, पण किती उंचीपर्यंत?

प्रश्न : भूछत्र खडकाचे चित्र भूगोलाच्या पुस्तकात शाळेपासून पाहत आलो आहे. वारा वाळू वाहून आणतो, ती खडकाच्या पायथ्याशी आदळते, पायथा झिजतो आणि वरचा भाग टोपीसारखा शिल्लक राहतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिलेले असते. माझ्या दोन शंका आहेत. वाळूचा एवढासा कण एवढ्या कठीण खडकाला कसा झिजवतो? आणि वाऱ्याचा जोर जमिनीपेक्षा उंचावर जास्त असतो. मग खडक वरच्या बाजूला अधिक झिजायला हवा, तो खालीच का झिजतो?

उत्तर : आधी दुसरी शंका घेतो, कारण ती फार मोलाची आहे. वाऱ्याचा वेग उंचीबरोबर वाढतो हे खरेच; पण खडकाला झिजवण्याचे काम वाऱ्याबरोबर आलेली वाळू करते, आणि नुसती हवा कितीही वेगाने वाहिली तरी घट्ट खडकाचे फारसे काही बिघडत नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा, की वाळू किती उंच पोचते. याचे उत्तर एकदा हाताशी आले, की वाळवंटातील कोणता आकार वाळूने कोरला आहे आणि कोणता उगाच तिच्या नावावर मांडला जातो, हे बऱ्याच अंशी ओळखता येते.

वारा सगळे कण एकाच रीतीने नेत नाही. साधारण ०.०६ मिलिमीटरपेक्षा बारीक कण म्हणजे धूळ. ती एकदा वर गेली की हवेतील भोवऱ्यांवर तरंगत राहते, हजारो मीटर उंची गाठते आणि समुद्रही ओलांडते. ०.१ ते ०.५ मिलिमीटर व्यासाचे वाळूचे कण मात्र तरंगण्याइतके हलके नसतात. ते उड्या मारत पुढे जातात. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटरच्या पुढे गेला, की कोरड्या, मोकळ्या वाळूतला एखादा कण जागचा सुटतो, चांगलाच उभा वर उसळतो, वरच्या वेगवान हवेत शिरून तिच्याकडून पुढे जाण्याचा वेग घेतो, आणि मग जमिनीशी जेमतेम दहा-पंधरा अंशांचा कोन करीत तिरपा खाली येऊन आदळतो. आदळल्यावर तो स्वतः पुन्हा उसळतो आणि जाता जाता आणखी काही कणांना उडवून देतो. या क्रियेला उत्प्लवन म्हणतात. या कणांच्या धक्क्याने त्यांच्या सहापट व्यासाचे जाड कणही हलतात, पण ते उडत नाहीत, जमिनीवरून सरपटत पुढे जातात. ब्रिटिश सैन्यातील अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी आधी लिबियाच्या वाळवंटात हिंडून आणि नंतर वातबोगद्यात प्रयोग करून हे सारे तपासले व १९४१ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्या हिशेबाने वाहत्या वाळूपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाळू उड्या मारत जाते आणि उरलेली सरपटत.

या उड्या फार उंच नसतात. खाली मऊ वाळू असेल तर आदळणाऱ्या कणाचा बराचसा जोर तिथेच जिरतो आणि उडी काही सेंटीमीटरांची होते. जमीन गोट्यांची किंवा उघड्या खडकाची असेल तर कण चेंडूसारखा उसळतो आणि जोराच्या वाऱ्यात माणसाच्या उंचीपर्यंतही जातो. पण असे उंच जाणारे कण थोडे. वाळूचे खरेखुरे वादळ लांबून पाहिले, तर जमिनीलगत एक पिवळसर चादर सरकताना दिसते, आणि तिच्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांना सुया टोचल्यासारखी वाळू लागत असते, तरी त्याचे डोके व खांदे मोकळ्या हवेत असू शकतात. आकाश झाकून टाकणारी जी वादळे छायाचित्रांत दिसतात, ती बहुधा धुळीची असतात. धूळ आणि वाळू यांतला हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच वाळू डोंगराच्या माथ्यापर्यंत पोचत असेल, असा समज होतो.

आता तुमच्या शंकेचे उत्तर. जमिनीला अगदी लागून कण दाट असतात, पण तिथे त्यांचा वेग कमी असतो, कारण तिथली हवाच मंद असते. जसजसे वर जावे तसतसे कण वेगवान होतात, पण विरळही होत जातात. सर्वाधिक झीज या दोहोंच्या मधल्या उंचीवर होणार हे उघड आहे, आणि ही उंची प्रत्यक्ष मोजली गेली आहे. अमेरिकेतील भूवैज्ञानिक रॉबर्ट शार्प यांनी कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात, वाऱ्याच्या मार्गातच, पारदर्शक प्लास्टिकच्या उभ्या कांड्या, विटा आणि इतर पदार्थांचे ठोकळे रोवून ठेवले आणि वर्षानुवर्षे त्यांची झीज तपासली. १९६४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार कांडीची सर्वाधिक झीज जमिनीपासून सुमारे २३ सेंटीमीटर उंचीवर झाली होती, म्हणजे साधारण एका वितीवर. प्रत्येक ठिकाणी हा आकडा नेमका एवढाच येईल असे नाही. जमीन, कणांचा आकार आणि वाऱ्याचा वेग यांनुसार तो थोडा वर-खाली होतो. पण तो पोटरी-गुडघ्याच्या आसपासच राहतो. वाळवंटातून जाणारे लाकडी खांबही याच पट्ट्यात झिजतात, आणि म्हणून त्यांच्या बुंध्याशी दगड रचावे लागतात किंवा पत्रा ठोकावा लागतो.

पहिल्या शंकेकडे वळतो. पाव मिलिमीटर व्यासाचा क्वार्ट्झचा कण इतका हलका असतो, की असे सुमारे ४५ कण एकत्र केल्यावर एक मिलिग्रॅम भरतो. अशा कणाच्या धडकेत ऊर्जा नगण्य असते, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण ती ऊर्जा खडकाच्या ज्या टिंबावर उतरते, ते टिंबही तितकेच सूक्ष्म असते, त्यामुळे त्या जागी पडणारा दाब मोठा असतो आणि खडकातील एखाद्या स्फटिकाच्या कडेचा कपचा निघतो किंवा त्यात न दिसणारी भेग पडते. पुढच्या धडकांनी ती भेग वाढते. शिवाय वाळू बहुतांशी क्वार्ट्झची, म्हणजे गारेची असते, आणि खनिजांच्या कठीणपणाच्या दहा अंकी मापावर क्वार्ट्झचा क्रमांक सात आहे. चुनखडीतले कॅल्साइट तीनवर, जिप्सम दोनवर आणि ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार सहावर येते. म्हणजे वाळवंटात वाळूपुढे येणारी बहुतेक खनिजे वाळूपेक्षा मऊच असतात. वालुकाश्माचे दाणे स्वतः क्वार्ट्झचे असले, तरी त्यांना बांधून ठेवणारे चुन्याचे किंवा लोहाचे जोडद्रव्य मऊ असते. ते निघाले की दाणे सुटे होऊन गळून पडतात.

यात वेगाचे महत्त्व फार आहे. कणाची ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि वाहणाऱ्या वाळूचे प्रमाण, जोराच्या वाऱ्यात, वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वाळू आठपट वाहू लागते आणि तिचा प्रत्येक कण पूर्वीपेक्षा कितीतरी जोराने आदळतो. म्हणून वर्षभर वाहणारी मंद झुळूक खडकाला जे करू शकत नाही, ते मोजकी वादळे करून जातात. धूळ मात्र कितीही वेगाने आली तरी तिचा परिणाम कमी, कारण ती इतकी हलकी असते की हवा खडकाला वळसा घालते तेव्हा तीही हवेबरोबर वळते. वाळूच्या कणाला असे वळता येत नाही; तो आपल्या वेगाने सरळ येऊन धडकतो.

या कोरीवकामाचे जवळून घेतलेले दर्शन पाहायचे असेल, तर विल्यम ब्लेक या अमेरिकन भूवैज्ञानिकाने जे पाहिले त्याची माहिती करून घ्यावी. लोहमार्गाच्या पाहणीसाठी निघालेल्या तुकडीबरोबर तो १८५३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन गॉर्गोनियो खिंडीत गेला होता. ही खिंड त्याच कोचेला खोऱ्याच्या तोंडाशी आहे, जिथे पुढे शतकभराने शार्प यांनी आपल्या कांड्या रोवल्या. तिथल्या ग्रॅनाइटच्या खडकावर वाळूने खाचा पाडल्या होत्या आणि त्याला चकाकी आणली होती. काही ठिकाणी फेल्डस्पारमध्ये गार्नेटचे बारीक लाल खडे रुतलेले होते. गार्नेट कठीण, फेल्डस्पार त्यामानाने मऊ. त्यामुळे सभोवतालचे फेल्डस्पार झिजून गेले, पण प्रत्येक खड्याच्या पाठीमागे, त्याच्या आडोशाला, फेल्डस्पारची एक बारीक काडी तेवढी वाचली. खडकातून अशा असंख्य आडव्या काड्या बाहेर आलेल्या, प्रत्येकीच्या टोकावर एक लाल खडा, आणि सगळ्यांचा रोख वारा येतो त्या एकाच दिशेकडे. ब्लेकने ही निरीक्षणे १८५५ मध्ये प्रसिद्ध केली. वाळूच्या झिजेविषयी जे काही वाचले आहे, त्यात मला याहून सुंदर काही आढळलेले नाही. कारण कोणता पदार्थ टिकतो, कोणता जातो आणि वारा कोणत्या बाजूचा, या तिन्ही गोष्टी तिथे एका दृष्टिक्षेपात कळतात.

आता भूछत्र खडकाविषयी. पुस्तकातील स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे, आणि हे अपुरेपण विद्यार्थ्यांना सांगायला हवे असे मला मनापासून वाटते. ज्यांचे देठ दोन-तीन मीटर उंच आहेत असे खडक निव्वळ वाळूने कोरलेले असणे कठीण आहे, कारण तितक्या उंचीवर पुरेशी वाळू पोचतच नाही. शिवाय वाऱ्याची दिशा ठरलेली असेल, तर झीज वाऱ्याकडच्या बाजूला अधिक व्हायला हवी; प्रत्यक्षात अनेक भूछत्र खडकांचा देठ चारही बाजूंनी सारखाच आत गेलेला असतो. इथे दुसरी क्रिया चाललेली असते. वाळवंटातही दव पडते, क्वचित पाऊस होतो, आणि जमिनीलगतचा खडक वरच्या भागापेक्षा अधिक काळ ओलसर राहतो. जमिनीतील क्षार या ओलाव्याबरोबर खडकाच्या छिद्रांत चढतात, पाणी वाळले की तिथेच त्यांचे स्फटिक होतात, आणि वाढणारे स्फटिक खडकाचे दाणे आतून ढकलून सुटे करतात. असे विदारण झालेला भुगा वारा उचलून नेतो आणि ठिसूळ झालेल्या पृष्ठभागावर वाळूचे काम सोपे होते. त्यातच खालचा थर मुळात मऊ आणि वरचा कठीण असेल, तर छत्रीचा आकार आणखी ठळक होतो. इजिप्तमधील फराफ्रा मरूद्यानाजवळच्या पांढऱ्या वाळवंटात खडूच्या खडकाचे जे प्रसिद्ध आकार उभे आहेत, त्यांच्याकडे हे सगळे ध्यानात ठेवून पाहावे.

प्रत्यक्ष खडकासमोर उभे राहिल्यावर खूण पटवायची असेल, तर पृष्ठभागावरून हात फिरवून पाहावा. वाळूने घासलेला खडक घट्ट, गुळगुळीत, कधी चकचकीत लागतो आणि त्यावर वाऱ्याच्या दिशेने समांतर खाचा असतात. क्षारांनी पोखरलेला खडक खरखरीत लागतो, त्याचे पापुद्रे निघतात आणि बोटांना भुकटी लागते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. वारा जमिनीवरची माती-वाळूही उडवून नेतो, त्यामुळे जमीन खाली जाते. आज कमरेच्या वर दिसणारी खाच ती पडली तेव्हा वीतभर उंचीवर असू शकते.

प्रश्न : वाळवंटातील एका दगडाचे छायाचित्र पाहिले. त्याला घासून काढल्यासारख्या तीन सपाट बाजू होत्या आणि त्यांच्यामध्ये तीन धारदार कडा होत्या. हा दगड माणसाने घडवलेला नाही, असे खाली लिहिले होते. वाऱ्याने इतका नेमका आकार कसा होतो?

उत्तर : अशा दगडांना वातघृष्ट गोटे म्हणता येईल, तीन कडांच्या गोट्याला भूवैज्ञानिक ड्रायकांटर असे मूळचे जर्मन नाव वापरतात आणि त्याचा अर्थ तीन कडांचा असाच आहे. जमिनीवर पडलेला गोटा एखाद्या वितीएवढा किंवा त्याहून लहान असतो, म्हणजे तो सबंधच्या सबंध वाळूच्या माऱ्याच्या पट्ट्यात येतो. वाऱ्याकडची त्याची बाजू झिजत जाते आणि मागे कलत कलत सपाट होते. ही सपाट बाजू आणि मूळची गोल बाजू जिथे भेटतात तिथे कड तयार होते. आता दुसरी बाजू झिजायची, तर एक तर वाऱ्याची दिशा बदलायला हवी किंवा गोटा फिरायला हवा. बऱ्याच वाळवंटांत ऋतूप्रमाणे वारा उलट्या दिशेने वाहतो. गोटा फिरण्याचे कारण तर त्याच्याच पायाशी असते: त्याच्या बुडाखालची वाळू वारा उपसून नेतो, खळगा पडतो, तोल जाऊन गोटा त्यात कलंडतो आणि आपली नवी बाजू वाऱ्यापुढे धरतो. दोन-तीन वेळा असे झाले, की दोन-तीन पैलू पडले. गोटा फारच मोठा असेल तर तो कलंडत नाही, आणि म्हणून मोठ्या शिळांवर सहसा वाऱ्याकडचा एकच पैलू दिसतो.

पैलूंवरचे बारीकसारीक काम भिंगाखाली पाहण्यासारखे असते. वाऱ्याला जवळजवळ काटकोनात सामोऱ्या गेलेल्या बाजूवर लहान लहान खळगे पडतात. कललेल्या बाजूवर वाळू घसटून जाते आणि लांबट पन्हळी उमटतात. अशा गोट्याजवळची वाळूही पाहावी. तिचे कण एकमेकांवर आणि खडकांवर आदळून गोलसर झालेले असतात, आणि त्यांची काचेसारखी चमक जाऊन ते घासलेल्या काचेसारखे धुरकट दिसतात. म्हणजे खडक कोरणारे हत्यारही त्या कामात झिजतच असते. याच क्रियेचा माणसाने यंत्रात उपयोग केला: बेंजामिन टिल्घमन यांनी वाळूच्या झोताने काच व दगड कोरण्याच्या पद्धतीचे एकस्व अमेरिकेत १८७० मध्ये मिळवले.

प्रश्न : वाळू गुडघ्याच्या वर फारशी जात नसेल, तर इराणच्या लूत वाळवंटातील शेकडो फूट उंचीचे यारदांग वाऱ्याने कसे तयार झाले?

उत्तर : लूतमधील हे उंचवटे, ज्यांना तिथले लोक कलूत म्हणतात, १५५ मीटरपर्यंत उंच आहेत आणि त्यांच्या रांगा ४० किलोमीटरपेक्षा लांब पसरल्या आहेत. २०१६ मध्ये लूत वाळवंटाला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत स्थान मिळाले, त्यामागे या रांगांचा मोठा वाटा आहे. यारदांग हा शब्द मूळचा मध्य आशियातील उइघुर भाषेतला. स्वेन हेडिन या स्वीडिश प्रवाशाने लोप नोर या आटलेल्या सरोवराच्या परिसरातील असे उंचवटे पाहून तो १९०३ मध्ये रूढ केला.

वाळू गुडघ्याच्या वर फारशी जात नाही आणि तरीही हे उंचवटे वाऱ्याचेच आहेत, यात विसंगती नाही. यारदांगाचा माथा वाळूने घडवलेला नसतो. वाळू त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांचा तळ खोदते. जुन्या सरोवराच्या गाळाचा एक सपाट, विस्तीर्ण थर डोळ्यांसमोर आणा. त्यात भेगा असतात किंवा कधीकाळच्या पावसाच्या पाण्याने पाडलेल्या घळी असतात. त्यांतील ज्या घळी वाऱ्याच्या दिशेने जातात त्यांत वारा कोंडतो, त्याचा वेग वाढतो, आणि वाळू घळीचा तळ व बाजूंचा पायथा कोरू लागते. सुटा झालेला बारीक गाळ वारा दूर उडवून नेतो. तळ खाली गेला की वाळूही खाली उतरते आणि नव्या तळापासून पुन्हा तेवढ्याच उंचीवर कोरते. पायथा पोखरला की वरची कड ढासळते आणि तिचा भुगाही वाऱ्यावर जातो. अशा रीतीने वीतभर उंचीचे हत्यार दीर्घ काळात दीडशे मीटर खोल उतरू शकते, आणि दोन गल्ल्यांच्या मधला जो भाग उरतो तो आपल्याला उंच डोंगरासारखा दिसतो. पूर्ण तयार झालेला यारदांग पालथ्या होडीसारखा असतो. त्याचे बोथट, उंच तोंड वाऱ्याकडे असते आणि मागे शेपूट निमुळते होत जाते. लांबी रुंदीच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक असते. हा आकार असा आहे की त्याच्याभोवतीचा वारा कमीत कमी अडतो.

लूतमध्ये पाण्यानेही आपले काम केले आहे, आणि तिथल्या गल्ल्यांच्या उतारांवर पावसाच्या ओघळांच्या खुणा आजही दिसतात. म्हणून यारदांग हे सर्वस्वी वाऱ्याचे शिल्प आहे, असे मी म्हणणार नाही. त्याला दिशा आणि बांधा मात्र वाऱ्याने दिला आहे.

प्रश्न : वाळवंटातील नैसर्गिक कमानीही वाळूनेच कोरलेल्या असतात का?

उत्तर : बहुतेक नाही. अमेरिकेच्या यूटा राज्यातील प्रसिद्ध कमानी वालुकाश्मात पडलेल्या उभ्या भेगा, त्यांत मुरणारे पाणी, त्या पाण्याचे गोठणे आणि जोडद्रव्याचे विरघळणे यांमुळे झाल्या आहेत. जमिनीपासून वीस-तीस मीटर उंचीवरचे भोक पाडायला वाळू तिथे पोचणार कशी, हा तुमच्या आधीच्या वाचकांनी उपस्थित केलेला प्रश्न इथेही लागू होतो. सुटे झालेले दाणे वारा उडवून नेतो, एवढाच त्याचा भाग.

प्रश्न : आपण पाहतो ते कोरीवकाम आजही चालू आहे का? आणि ते उष्ण वाळवंटांतच होते का?

उत्तर : पुष्कळ ठिकाणी ते फार पूर्वीच थांबले आहे, आणि हे दगडावरूनच कळते. वाळवंटात उघड्या पडलेल्या खडकावर मँगनीज व लोह यांच्या ऑक्साइडांचा आणि मातीच्या सूक्ष्म कणांचा एक काळपट, तकतकीत लेप हळूहळू चढतो. त्याला हजारो वर्षे लागतात. वाळू जिथे सतत घासते तिथे हा लेप टिकू शकत नाही. त्यामुळे ज्या गोट्याच्या पैलूंवर आणि पन्हळींवर असा लेप चढलेला आहे, तिथले कोरीवकाम निदान तेवढ्या काळापूर्वी थांबले, असे समजावे. असे अनेक गोटे हिमयुगाच्या काळातील आहेत; तेव्हा वारे अधिक जोराचे होते किंवा वाळूचा पुरवठा अधिक होता.

उष्णतेची अट तर मुळीच नाही. कोरडेपणा, मोकळी वाळू, उघडा खडक आणि जोराचा वारा एवढे पुरे. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो कोरड्या दऱ्यांत जवळजवळ बर्फच नाही. पठारावरची थंड, जड हवा तिथे उतारावरून खाली कोसळते आणि अतिवेगाने वाहते. थंड हवा दाट असल्यामुळे ती वाळू सहज उचलते, आणि तिथले खडक जगातील उत्तम वातघृष्ट खडकांत गणले जातात.

मंगळावर हवेची घनता पृथ्वीवरील हवेच्या सुमारे एक टक्का आहे, तरीही तिथे पन्हळी पडलेले, पैलू पडलेले दगड आहेत. १९९७ मध्ये तिथे उतरलेल्या पाथफाइंडर यानाने त्यांची छायाचित्रे पाठवली. त्या दगडांवरील पन्हळींची दिशा मोजली, तेव्हा ती त्याच जागी दगडांच्या आडोशाला साचलेल्या मातीच्या शेपट्यांच्या दिशेशी जुळली नाही. शेपट्या अलीकडच्या वाऱ्याची दिशा दाखवत होत्या. दगडांवर कोरलेली होती ती त्याच्या फार आधी, दुसऱ्या दिशेने वाहून गेलेल्या वाऱ्याची.